बालगंधर्वांना गोहरबाईंनी बुडवलं म्हणतात, पण तारखा वेगळंच सांगतात

गोहर या एका नावाने आपल्याकडच्या संगीताच्या आणि सिनेमाच्या इतिहासात चांगलाच घोळ घालून ठेवलाय.

एक गौहर जान कलकत्त्याच्या. १९०२ साली भारतात ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा ज्यांचा आवाज अगदी सुरुवातीला तबकडीवर गेला, त्या या. दुसऱ्या गोहर मामाजीवाला, चंदुलाल शहांसोबत मुंबईत रणजित कंपनी उभी करणाऱ्या नायिका. आणि तिसऱ्या गोहर कर्नाटकी. नावं सारखी असल्याने या तिघींची सतत गल्लत होते, एकीची गोष्ट दुसरीच्या नावावर जाते.

पहिल्या दोघींवर भरपूर लिहून झालंय. तिसरीचं नाव महाराष्ट्रात निघालं की मात्र आजही जुन्या नाटकवाल्यांकडून एकच गोष्ट ऐकायला मिळते, ती म्हणजे हिने बालगंधर्वांना बुडवलं.

आता हे खरंच तसं होतं का, हे समजून घ्यायचं तर आधी बालगंधर्व नावाचं प्रकरण काय होतं ते बघायला लागतं. कारण महाराष्ट्राने एखाद्या कलाकारावर इतकं प्रेम क्वचितच केलं असेल. आणि त्याच कलाकाराने स्वतः प्रेम केल्यावर महाराष्ट्र इतका चिडलाही क्वचितच असेल.

वारणेच्या खोऱ्यातल्या कोडोलीतून गाडी काढली तर कृष्णाकाठचं नागठाणे दीड-दोन तासांवर येतं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं हे गाव म्हणजे राजहंसांचं मूळ गाव. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. कोल्हापूर, मिरज, सांगली हा सगळा पट्टाच नाटकवेडा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीत. बालगंधर्वांचे पुढे मोठे प्रतिस्पर्धी ठरलेले केशवराव भोसले कोल्हापूरचे. मानापमानला चाली लावणारे गोविंदराव टेंबेही कोल्हापूरचेच.

नारायणाचा गळा लहानपणापासूनच गोड होता. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि बालगंधर्व हे नाव त्यांच्याच तोंडून आलं, असं सांगितलं जातं. पोराला कानाने मात्र कमी ऐकू यायचं. इथे शाहू महाराज मध्ये पडले. त्यांनी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात डॉ. वानलेस यांच्याकडे त्याच्यावर उपचार करून घेतले आणि त्याची गाठ किर्लोस्कर नाटक मंडळीशी घालून द्यायलाही मदत केली.

किर्लोस्कर मंडळी तेव्हा अडचणीत होती. त्यांचा हुकमी एक्का भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते. त्या काळात नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे, चांगल्या घरातल्या बाईने रंगमंचावर उभं राहणं लोकांना चालतच नव्हतं. त्यामुळे भाऊरावांसारखा स्त्रीपार्टी गेला की कंपनीच बसायची. १९०५ मध्ये मिरजेत सतरा वर्षांचा नारायण शकुंतला होऊन उभा राहिला आणि कंपनीला नवी नायिका मिळाली.

पुढची पंचवीसेक वर्षं म्हणजे नुसता धुमाकूळ. मानापमानमधली भामिनी, स्वयंवरातली रुक्मिणी, एकच प्याल्यातली सिंधू, शिवाय द्रौपदी, मेनका, कान्होपात्रा. प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचा. बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला लागल्या, त्यांच्यासारख्या वेण्या घालायला लागल्या. म्हणजे बघा, बाईने कसं दिसावं याचं माप एक पुरुष घालून देत होता आणि बायका ते आवडीने घेत होत्या. आजच्या भाषेत बोलायचं तर हा महाराष्ट्राचा पहिला मोठा इन्फ्लुएन्सर, फक्त त्याच्याकडे फोन नव्हता.

पण गंमत इथे संपते. लोक ज्याच्यावर इतकं प्रेम करतात त्याच्यावर आपला हक्कही सांगायला लागतात, आणि ते फार लवकर सुरू झालं होतं.

१२ मार्च १९११. मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करायची तयारी होती. नारायणराव मात्र उभे राहिले, भामिनी झाले, गायले. हा किस्सा त्यांच्या कलानिष्ठेचा पुरावा म्हणून शंभर वर्षं सांगितला जातोय, आणि तो तसा आहेच. पण त्याला दुसरी बाजू आहे. ज्या माणसाने पोटची पोर गेलेल्या दिवशीही आपल्यासाठी तोंडाला रंग लावला, त्याचं खासगी असं काही असतं हे प्रेक्षक हळूहळू विसरूनच गेले. आणि त्या दिवशी घरी बसून रडणाऱ्या लक्ष्मीबाई, म्हणजे नारायणरावांची बायको, या किश्श्यात फारशा कुठे दिसत नाहीत. त्यांच्याकडे परत यायचंय.

१९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मिळाला. आणि मग नारायणरावांच्या बेफिकिरीला मोकळं रान मिळालं.

ही बेफिकिरी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. पैसा किती आला आणि किती गेला हे त्यांनी कधी बघितलंच नाही. रंगमंचावर खोटे दागिने, खोटी जर त्यांना खपायची नाही. गालिचे खरे, शालू खरे, थिएटरात अत्तराचा घमघमाट. द्रौपदी नाटकातल्या मयसभेच्या देखाव्यावर तर पाण्यासारखा पैसा ओतला. साथीला ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. आज थिरकवा खाँसाहेबांचं नाव घेतलं की तबलजी कानाला हात लावतात. असा माणूस नाटक कंपनीत पगारावर होता! कंपनीत माणसांचा राबता आणि रोज मोठी पंगत. बोडस आणि टेंबे वेगळे झाले. बोडस हिशेबी माणूस, ते गेल्यावर खर्चाला धरबंद राहिला नाही.

८ जुलै १९२१ ला मुंबईत संयुक्त मानापमान झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, एकाच रंगमंचावर. मराठी नाटकाचा तो कळस म्हणायला हरकत नाही. पुढच्या तीनच महिन्यांत केशवराव गेले. कोल्हापुरात त्यांच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलं, मूळचं शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेही आगीत जळालं, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले होते.

तर १९२१ मध्ये लोकप्रियता शिखरावर होती आणि त्याच सुमारास गंधर्व मंडळी कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली होती. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मालक म्हणून नारायणरावांनी हात वर केले नाहीत. वर्षानुवर्षं प्रयोग करत ते कर्ज फेडत राहिले.

मग आला बोलपट.

मार्च १९३१ मध्ये आलम आरा लागला. १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभात कंपनीने अयोध्येचा राजा काढला आणि तारामतीच्या भूमिकेत होत्या दुर्गा खोटे. म्हणजे पडद्यावर खरी बाई, तीही शिकलेली, प्रतिष्ठित घरातली. तिकीट नाटकापेक्षा स्वस्त, सिनेमा दोन-तीन तासांत संपणारा आणि रोज चालणारा. चाळिशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या पुरुषाने सोळा वर्षांची रुक्मिणी व्हायचं आणि लोकांनी ते मान्य करायचं, हा नाटकवाले आणि प्रेक्षक यांच्यातला जुना अलिखित करार होता. तो बोलपटाने दोन वर्षांत मोडला. महाराष्ट्रातल्या एकामागून एक नाटक कंपन्या बसत गेल्या.

१९३४ मध्ये गंधर्व मंडळीचाही गाशा गुंडाळला गेला. नारायणराव प्रभातमध्ये गेले. व्ही. शांतारामांनी त्यांना घेऊन धर्मात्मा काढला, १९३५ चा. त्यात ते संत एकनाथ झाले, म्हणजे चक्क पुरुषाची भूमिका. आधी चित्रपटाचं नाव महात्मा होतं, सेन्सॉरच्या भानगडीत ते बदलावं लागलं. पण कॅमेऱ्यासमोर नारायणरावांचं मन रमेना. समोर माणसं नाहीत, वन्समोअर नाही, गाणं तुकड्यातुकड्यात गायचं. प्रभातशी झालेला करार अर्ध्यातच सुटला. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी साध्वी मीराबाई काढला, त्यात ते परत स्त्रीभूमिकेत दिसले. तोही चालला नाही. जी नजर रंगमंचावर काळीज चिरत जायची, तिच्यात कॅमेऱ्याला पन्नाशीचा पुरुष साडी नेसलेला दिसायचा.

आणि आता, इतकं सगळं होऊन गेल्यावर, गोष्टीत गोहरबाई येतात.

गोहरबाई मूळच्या उत्तर कर्नाटकातल्या बिळगीच्या, आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या. घरात गाणं आणि नाटक दोन्ही. त्यांची बहीण म्हणजे अमीरबाई कर्नाटकी, १९४३ च्या किस्मतने देशभर पोचलेली पार्श्वगायिका. दोघी बहिणी कन्नड मुलखातून मुंबईत आल्या. गाणं, नाटक, सिनेमा जिथे काम मिळेल तिथे उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या कमाईवर जगल्या. त्या काळात एकट्या मुसलमान गाणाऱ्या बाईकडे समाज कुठल्या नजरेने बघायचा हे वेगळं सांगायला नको.

गोहरबाईंना बालगंधर्वांच्या गाण्याचं वेड होतं. रेकॉर्ड ऐकून ऐकून त्यांनी त्यांची गायकी उचलली, ताना, हरकती, शब्द टाकायची लकब, सगळं. त्यांचं गाणं हुबेहूब गंधर्वांसारखं वाटायचं, हे त्यांच्यावर टीका करणारेही कबूल करायचे. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती, तरी नाट्यपदं त्या मराठी माणसासारखी गायच्या.

१९३८ च्या सुमारास त्या नारायणरावांच्या कंपनीत आल्या. नारायणराव पन्नाशीचे, कंपनी मोडलेली, सिनेमाने नाकारलेले, जुने सोबती पांगलेले. गोहरबाई वयाने त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान. मंडळी परत उभी राहिली. ज्या कंपनीचं सगळं वैभव पुरुषाने बाई होण्यावर उभं होतं, त्या कंपनीच्या रंगमंचावर आता बाई उभी राहून बाईचं काम करायला लागली. काही नाटकांत तर नायिका गोहरबाई आणि समोर पुरुषवेशात बालगंधर्व, असं चित्र दिसायला लागलं.

आणि दोघं एकमेकांच्या प्रेमात पडले. लपूनछपून नाही, चोरून तर अजिबात नाही. ज्या बेफिकिरीने त्यांनी पैसा उडवला होता, त्याच बेफिकिरीने नारायणराव या प्रेमात उतरले. त्यांनी कुणाला खुलासा दिला नाही, कुणाची परवानगी मागितली नाही. प्रवासात गोहरबाई सोबत, मुक्कामात सोबत, रंगमंचावर सोबत. प्रत्येकाला देवा म्हणून हाक मारणारा हा माणूस चाहत्यांशीही तितकाच नम्रपणे वागत राहिला. फक्त या एका बाबतीत त्याने कुणाचंच ऐकलं नाही.

महाराष्ट्र खवळला.

गोहरबाईंनी भुरळ घातली, करणी केली, पैसा खाल्ला, धर्म बाटवला, एक ना दोन. घरच्यांना तर हे मान्य नव्हतंच. जुने आश्रयदाते, मित्र तुटत गेले. पूर्वी दारावर रांगा लावणाऱ्या माणसांनी पाठ फिरवली. काहींनी लिहून टीका केली, बाकीच्यांनी पारावर आणि ओट्यावर बसून केली. आज ट्रोलिंग म्हणतात ते हेच होतं, फक्त पोस्ट कुणी केली ते तेव्हा शोधता यायचं नाही.

यात धर्म हे कारण होतंच. पण एवढंच कारण सांगितलं तर ते अर्धवट राहतं. कारण मराठी संगीतात हिंदू-मुसलमान हे नातं रोजचं होतं. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले मुसलमान उस्तादांकडे शिकलेले. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात गायला सगळ्या जातीधर्मांचे गवई यायचे. गंधर्वांच्या मागे थिरकवा आणि कादरबक्ष बसायचे तेव्हा याच प्रेक्षकांच्या तोंडून वाहवा निघायची. अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांचा संसार तर आधीच्या पिढीतला, आणि हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं. मराठी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

म्हणजे मुसलमान साथीदार चालत होता, मुसलमान गुरूही चालत होता. अडलं कुठे, तर रुक्मिणी आणि सिंधू म्हणून जिला घराघरात पूजलं होतं ती नायिका एका गाणाऱ्या मुसलमान बाईचा पुरुष झाली तिथे. प्रेक्षकांच्या मनात बालगंधर्व आदर्श स्त्री होते, सोशीक, पतिव्रता, शालीन. त्या स्त्रीच्या आत एक नारायणराव आहे, त्याला मन आहे, शरीर आहे, पन्नाशीतही कुणी आवडू शकतं, हे लोकांना बघायचंच नव्हतं. गोहरबाईंमुळे ते बघावं लागलं.

आता त्या तारखेकडे परत येऊ. गोहरबाईंनी बालगंधर्वांना बुडवलं असं म्हणणाऱ्यांनी फक्त सनावळी मांडून बघावी. कंपनी कर्जात बुडाली १९२१ च्या सुमारास. बोलपट आला १९३१ मध्ये. मंडळी बंद झाली १९३४ मध्ये. धर्मात्मा १९३५ चा, मीराबाई १९३७ चा, दोन्ही प्रयत्न फसलेले. गोहरबाई आल्या १९३८ मध्ये. बुडालेलं जहाज त्या परत कसं बुडवणार? उलट त्या आल्या तेव्हा नारायणरावांकडे देण्यासारखं फारसं काही उरलेलंच नव्हतं. त्यांच्या पैशावर डोळा ठेवून कुणी यायचं तर वीस वर्षं आधी यायला हवं होतं.

पण वैभव कुणामुळे गेलं, हे कुणाच्या तरी नावावर टाकणं लोकांना गरजेचं होतं. बोलपटाला शिव्या देता येत नव्हत्या, कारण तो बघायला सगळेच जात होते. नारायणरावांच्या उधळपट्टीला दोष देववत नव्हता, कारण त्या अत्तराचा वास प्रेक्षकांनीच घेतला होता. उरली ती बाहेरून आलेली बाई.

तरी ही गोष्ट निव्वळ गोड प्रेमकथा म्हणून सांगणं खोटेपणाचं होईल, कारण लक्ष्मीबाई तेव्हा जिवंत होत्या. नारायणराव दौऱ्यावर असताना घर ओढलं ते त्यांनी. मुलं जन्माला येत होती आणि जात होती, ते दुःख सोसलं त्यांनी. नवऱ्याचं जगाला वेड लावणारं सौंदर्य आणि त्याचं कर्ज दोन्ही बघितलं त्यांनी. आणि उतारवयात नवरा दुसऱ्या बाईसोबत राहायला लागल्याचं गावभर झालेलं कळलं तेही त्यांनाच. १९४० मध्ये त्या गेल्या. नारायणरावांच्या बेफिकिरीचं बिल बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी भरलं, आणि त्या यादीत लक्ष्मीबाईंचं नाव सगळ्यात वर आहे. गोहरबाईंवर चिडलेल्या महाराष्ट्राला खरंच लक्ष्मीबाईंचा कळवळा असता तर तो चिडला असता नारायणरावांवर. तसं फारसं झालं नाही. त्यांना लोकांनी भोळा, भुललेला देवमाणूस ठरवून मोकळं केलं आणि सगळा राग बाईवर काढला.

चाळीसचं दशक दोघांनी गावोगाव फिरत काढलं. कधी पूर्ण नाटक, कधी नाट्यपदांचे आणि भजनांचे कार्यक्रम. थिएटरं लहान होत गेली, गर्दी विरळ होत गेली. तरी जिथे जिथे जुने चाहते होते तिथे एखादं पद रंगायचं आणि काही मिनिटांसाठी १९२० साल परत यायचं.

१९५१ मध्ये त्यांनी लग्न केलं. लक्ष्मीबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि दोघांना एकत्र येऊन तेराएक वर्षं. नारायणराव त्रेसष्टीच्या उंबरठ्यावर. हे सालही बघण्यासारखं आहे. हिंदू आणि मुसलमान जोडप्याला आपापला धर्म ठेवून नोंदणी पद्धतीने लग्न करता येईल असा विशेष विवाह कायदा देशात आला तो १९५४ मध्ये. त्याआधीच्या १८७२ च्या कायद्याखाली असं लग्न करायचं तर दोघांनाही आपण तो धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागायचं. म्हणजे समाज सोडा, कायद्यालाही अशा प्रेमाचं काय करायचं ते अजून ठरवता आलेलं नव्हतं.

लग्नानंतर वर्षभरातच नारायणरावांच्या पायातली ताकद गेली. ज्या माणसाच्या नुसत्या चालीवर थिएटर टाळ्यांनी दणाणायचं, त्याला चालता येईना. इथून पुढची बारा वर्षं गोहरबाईंची आहेत. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, औषधं, कार्यक्रमाला नेणं, पेटीसमोर बसवणं, मागे बसून सूर देणं. त्यावरही बोलणारे होतेच. दुखणाईत माणसाला पैशासाठी गायला लावते, असा नवा आरोप आला. त्यात तथ्य किती हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घर चालवायला दुसरं साधन नव्हतं, आणि गाणं बंद केलं असतं तर नारायणराव आणखी किती दिवस जगले असते, याचं उत्तर त्यांना ओळखणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्याच साली एकच प्यालामध्ये ते शेवटचे सिंधू म्हणून दिसले. वय सदुसष्ट. ८ ऑक्टोबर १९६२ ला पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली. चालता न येणारा म्हातारा आपल्या नावाच्या इमारतीचा पहिला दगड बसवतोय, असं दृश्य फार कमी कलाकारांच्या नशिबी येतं. पु. ल. देशपांडे त्या रंगमंदिरासाठी धडपडत होते. म्हणजे महाराष्ट्राचा राग विरघळायला लागला होता. नारायणरावांवरचा, गोहरबाईंवरचा नाही.

१९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. वयाने लहान असलेली, सगळं आयुष्य त्यांच्या मागे उभी राहिलेली बाई आधी गेली. पुढच्या वर्षी बहीण अमीरबाईही गेल्या. नारायणराव त्यानंतर तीन वर्षं होते, एकटे, बरेचसे अंथरुणाला खिळलेले. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले.

२०११ मध्ये सुबोध भावेंनी पडद्यावर बालगंधर्व उभे केले, आनंद भाटेंच्या आवाजाने ती पदं नव्या पिढीच्या मोबाईलमध्ये पोचली. इन्स्टाग्रामवर नऊवारीतल्या बालगंधर्वांचे जुने फोटो आजही फिरतात आणि खाली हा पुरुष आहे यावर विश्वास न बसणारे येऊन लिहून जातात. गोहरबाईंचा फोटो शोधायला गेलात तर आधी कलकत्त्याच्या गौहर जान दिसतात, मग रणजितच्या गोहर.

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला खुलं झालं, नारायणरावांच्या ऐंशीव्या जयंतीला. यशवंतराव चव्हाण उद्घाटनाला होते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, एका चित्रात स्त्रीवेशातले आणि दुसऱ्यात साध्या पुरुषवेशातले नारायणराव.